शनिवारची सात पेनं

आमच्या शेजारच्या मावशींना मनाविरुद्ध काही करायला लावणारा माणूस पनवेल तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, आणि सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकोणपन्नास जुन्या शाईपेनांबरोबर एकट्या राहणाऱ्या. परीक्षानळ्यांच्या लाकडी स्टँडमध्ये पेनं टोक वर करून उभी असतात. सात स्टँड, सात वार. उन्हानं रंग उडतो म्हणून बंद कपाटात. पावसाळा तोंडावर आला की मावशी बिल्डिंगभर फिरून बुटांच्या खोक्यांतल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या गोळा करायच्या. आईनं नव्या सँडल आणल्या की पुडी आधी मावशींकडे जायची, सँडल मग आईच्या पायात.

यातलं एकही पेन विकतचं नाही. कोकणातली त्यांची माणसं एकेक करून इस्रायलला गेली. घर रिकामं करताना लोक भांडी, कपाटं वाटायचे. मावशी पेन मागायच्या. धुऊनपुसून दिलेलं ते पेन घरी आणल्या आणल्या शाईनं भरायच्या आणि दर आठवड्याला त्याच्या वारी त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्यायच्या. एकदा एक संग्राहक आला आणि जुनी पेनं धुऊन कोरडी ठेवायची असतात, हे बराच वेळ समजावत बसला. मावशींनी त्याला चहा दिला नि म्हणाल्या, "माणसं गेली ती गेली. पेनं इथंच लिहिणार."

अडचण शनिवारची. शब्बाथला, म्हणजे त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, त्या लिहीत नाहीत. शुक्रवारीच उरकून घ्या की, असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "शनिवारच्यांनी शुक्रवारी का राबायचं?" मला लिही असंही कधी म्हणाल्या नाहीत. स्टँड आदल्या दिवशीच टेबलावर काढलेला असायचा, शेजारी कागद, आणि मावशी खिडकीबाहेर बघत बसलेल्या. मी इंग्रजी शाळेतली, चार माणसांत तोंड न उघडणारी. पहिल्या शनिवारी सातही पेनांनी मी फक्त माझं नाव लिहिलं. त्यांनी कागदावर नजर टाकली. "नाव कळलं त्यांना. आता काहीतरी बोल." तेव्हापासून घरात जे बोलत नव्हते, ते मी शनिवारी मराठीत लिहू लागले. मावशी तो कागद न वाचता घडी घालून परत द्यायच्या.

इस्रायलमधला मुलगा फोनवर सारखा तिकडे बोलवायचा. मावशींचं उत्तर ठरलेलं होतं: विमानात भरलेली पेनं गळतात आणि रिकामी करून मी नेणार नाही. इतकी वर्षं हे पुरलं. मग त्या जिन्यात पडल्या आणि मुलगा स्वतः न्यायला आला. निघताना त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे. सातही वार तुझे."

धुऊन ठेवू का, असं मी विचारलं.

"मी परत येणार नाही असं वाटतंय का तुला?"

त्याला आठ महिने झाले. परवा मुलाचा फोन आला. आईला एकटं ठेवता येणार नाही, घर विकायचंय, पेनं धुऊन तूच ठेव, म्हणाला. मी सहसा कुणाला नाही म्हणत नाही. त्याला म्हटलं, "नाही. मावशींना द्या फोन."

त्यानं फोन नेऊन दिला. मग बारीक आवाज आला. "आज कोणती?"

"गुरुवारची."

"ओली आहेत?"

"सगळी."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. परत यायचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

घर विकलं तर सातही स्टँड माझ्या खोलीत येतील, हे आईला सांगून झालंय. सांगताना माझा आवाज चढला, तेव्हा आई माझ्याकडे बघतच राहिली. आज शनिवार. हे सगळं त्या सात पेनांनी लिहिलंय. सातव्याची शाई आता फिकट उमटतेय. बाटली जवळच ठेवली आहे.