कोळशाची डबी

आमच्या यांना सगळे 'फौजदार' म्हणतात. रंगारी माणूस, पण तोरा असा की लोखंडालासुद्धा दम देतील. मोठाल्या टाक्या आतून रंगवायच्या, हा आमचा दोघांचा धंदा. हे आत स्प्रे मारतात, मी टाकीच्या तोंडाशी यांच्या कमरेचा दोर धरून बसते. थिनरच्या वाफेनं यांचं नाक केव्हाच कामातून गेलंय. भाजी करपली तरी पत्ता लागत नाही. म्हणून रोज सकाळी मास्क आधी मी लावायचा, थिनरच्या डब्यावर वाकून हुंगायचं आणि वास आला नाही तरच यांनी आत उतरायचं.

मास्कच्या डबीत कोळशाचे दाणे असतात. दाण्याला छिद्रंच छिद्रं, वाफ त्यांच्या आतल्या अंगाला चिकटून बसते. जागा भरली की पुढची वाफ सरळ नाकात. उष्ण, दमट हवेत कोळसा आणखी कमी धरतो. आणि मेली डबी उघड्यावर राहिली, तर कुणी श्वास घेवो न घेवो, भरतच जाते. शंभरदा सांगितलंय यांना.

त्या दुपारी जेवून हे आत उतरले आणि मला दिसलं, मास्क ठेवायचा हवाबंद डबा सकाळपासून पिशवीतच आहे. मग जेवणभर मास्क होता कुठे? खिळ्याला! वर तापलेला पत्रा, खाली थिनरचा उघडा डबा.

"अहो, वर या! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, एक कोपरा राहिलाय!" आणि हसले. कामावर हे कधी हसत नाहीत. थिनर डोक्यात गेलं की माणूस असाच खुळ्यासारखा हसतो आणि मग आडवा होतो.

मी दोर ओढला. यांनी उलटा ओढला. "खेळतेस काय गं?" जीभ जड झालेली. खाली उतरावं तर मास्क एकच. शेवटी मी स्प्रेला हवा देणारा कॉम्प्रेसरच बंद केला. फौजदार भडकले! शिव्या देत, धडपडत शिडी चढले. कॉलर धरून बाहेर ओढलं तेव्हा ओठ पांढरेफटक.

"काम बिघडवलंस! काय झालंय मास्कला?"

"थांबा, दाखवते!" मी मास्क चढवला, डब्यावर वाकले, छातीभर श्वास घेतला. वास नाही.

"बघ!" म्हणाले आणि वळून भडाभडा ओकले.

माझंही डोकं गरगरलं. मास्क फेकला, उघडं नाक डब्यात घातलं. तरी वास नाही.

यांच्या पाठीवरून हात फिरवताना मला रडू कोसळलं. किती दिवस मी असल्या मेल्या नाकानं हुंगून यांना आत सोडत होते, देव जाणे.