गव्याच्या गोष्टीतला झरा

दस्तगीरभाईंनी माझ्या टेबलावर दोन पुस्तकं आपटली आणि विचारलं, “म्याडम, ह्यातला झरा कुठं हाय?”

एक होती गव्यावरची बालकादंबरी, शाळेत पूरक वाचनाला लावलेली. दुसरं त्याच कादंबरीवरचं आमचं गाईड. ते मी लिहिलं होतं. दस्तगीरभाईंचं गडमुडशिंगीत शिलाईचं दुकान. त्यांची मुलगी नाझनीन आठवीत. ‘कादंबरीतील निसर्गचित्रण स्पष्ट करा’ या प्रश्नाला तिला पाचपैकी एक मार्क मिळाला होता. शेजारी लाल पेनाने शेरा, ‘गाईड पाहावे.’

तिनं लिहिलं होतं, ‘झरा पहिल्याच पानावर आटला आहे. म्हणून गवा उसात येतो. या पुस्तकात निसर्गाचे वर्णन थोडेच आहे, कारण निसर्गच थोडा उरला आहे.’

माझ्या गाईडात मात्र झरा खळखळत होता. वनराई हिरवीगार होती, पक्षी किलबिलत होते.

आता आमच्या धंद्यातली गोम सांगते. गाईड लिहिणाऱ्यांकडे एक साचा असतो. प्राण्याचं नाव बदलायचं, बाकी निसर्ग तोच. माझा हा झरा आधी अस्वलाला आणि मग हरणाला पाणी पाजून आला होता. कादंबरी मी चाळली होती. चाळणं म्हणजे मागचं कव्हर आणि प्रकरणांची नावं.

“मार्काचं जाऊ द्या,” दस्तगीरभाई म्हणाले. “पोरगी आता पुस्तकच उघडंना. म्हणती, वाचून मार्क जात्यात, तर गाईडच पाठ करू की. आमी तिला काय सांगायचं, तुमीच सांगा.”

मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, आधी पकडले गेल्याची वाटली, खरी नंतर.

मी आमच्या प्रकाशनाचे मालक अण्णा यांच्याकडे गेले. ते म्हणाले, “छापून झालंय न्हवं? मग वाहू दे की झरा.”

दोन दिवस बसून कादंबरी अक्षरन् अक्षर वाचली. पोरगी बरोबर होती. अण्णांना न विचारता लेटरहेडवर शाळेला पत्र दिलं, की गाईड चुकलंय, मुलगी नाही. तिच्या सरांनी तोंड वाकडं केलं, पण मार्क वाढवले. नव्या आवृत्तीत मी नाझनीनचंच उत्तर छापलं, तिच्या नावासकट, आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढच्या वर्षी दस्तगीरभाई नाझनीनची चिठ्ठी घेऊन आले. मला वाटलं, आभार असतील.

‘मॅडम, माझं उत्तर काढा. यंदा आठवीच्या सगळ्या वर्गाने तेच लिहिलंय. सगळ्यांना पाचपैकी पाच. पुस्तक कुणीच उघडलं नाही, माझ्या बहिणीनंसुद्धा.’

“नाझनीन स्वतः वाचते का आता?” मी विचारलं.

“व्हय की. माझ्या मापाच्या वहीतबी चुका काढती,” ते म्हणाले. तक्रार करत होते, पण चेहरा खुलला होता.

ताज्या आवृत्तीत त्या प्रश्नाखाली उत्तर नाही. एकच ओळ आहे, ‘पहिली चार पानं स्वतः वाचा.’ अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग नेसरीहून एका सरांचा फोन आला. “म्याडम, उत्तर छापायचं राहिलंय. आमी मार्क कसं द्यायचं?”

“पुस्तक वाचून,” मी म्हटलं.

सरांनी फोन ठेवला. त्यांना मी नावं ठेवत नाही. गाईडं लिहिण्यात गेलेल्या अठरा वर्षांत मीही फोन तसाच ठेवला असता.