माझ्या नावावरचा नकार

इकडे ये, जवळ बस. समोर येऊन बसणं तर तू सोडलंच, निदान हे पत्र वाचताना तरी तो मोबाइल बाजूले ठेव आणि नीट मांडी घालून बस. एवढी मोठी झाली, कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं, पण आजीकडे यायचं म्हटलं की तुले कधी सर्दी असते, कधी प्रॅक्टिकल. कॉमर्सवाल्यांले कशाचं गं प्रॅक्टिकल असते? मी शाळेत गेली नाही, लिहिणं-वाचणं घरातच शिकली, म्हणून मले काही कळत नाही असं समजू नको.

तुझ्या मनात काय आहे ते मले माहीत आहे. आजीपायी आपलं शिकणं गेलं, हेच ना? तर त्या दिवसाचं एकदा माझ्याकडून ऐक.

बारावीचा निकाल लागला होता आणि तुले दगडांचं शिकायचं होतं. जिऑलॉजी. ते नव्या रायपूरकडच्या एका युनिव्हर्सिटीत होतं. इथून, आपल्या बीरगावहून, रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं, म्हणजे हॉस्टेलच. तुझा बाप म्हणाला, "आधी पाहून येऊ. आईलेही घेऊ." मले बरं वाटलं. आपल्यात मुलगी द्यायच्या आधी घरातली एक जाणती बाई ते घर पाहायले जाते. पाणी कुठून येते, स्वयंपाक किती माणसांचा, संडासाले आतून कडी आहे की नाही, हे पुरुषांले दिसत नाही. तुझ्या आत्याच्या वेळी मीच गेली होती. हेही तसंच पाहायचं, असं ठरवून मी इस्त्रीची साडी नेसली.

तिथं पोचलो तर रुंदच्या रुंद रस्ते आणि माणूस दिसेल तर शपथ. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी आपल्याले फिरवलं. मी मेसमध्ये डाळीच्या गंजावरचं झाकण काढून पाहिलं, कपडे वाळवायची दोरी पाहिली, बाथरूमच्या कड्या लावून पाहिल्या. भांडी कोण घासते, रात्री फाटक कोण लावते, सगळं विचारलं. त्या हसायले लागल्या. "अम्मा, लड़की पढ़ने आ रही है, ससुराल नहीं जा रही."

मी म्हटलं, "ससुराल में तो एक ही सास रहती है. यहाँ कितनी हैं?"

त्यांनी मले बसवून चहा पाजला.

मग ती दगडांची खोली. काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. तिथल्या सरांनी एक काळा, जड दगड तुझ्या हातात दिला, तू तो माझ्या हातात ठेवला. "आजी, याच्यात लोखंड आहे."

"आपल्या खिडकीवर कारखान्याची काळी धूळ येऊन बसते, ते?"

"हव, तेच. आधी असं असते." तुझा चेहरा पाहून मले वाटलं, हिले इथून हलवू नये. बाहेर आल्यावर तू विचारलं, "आजी, कसं वाटलं?"

आता इथं नीट ऐक. पाहायले गेलेलं माणूस त्या घरात बसून पसंती सांगत नाही. कितीही आवडलं तरी "घरी जाऊन कळवतो" एवढंच म्हणायचं. हे तुले कोणी शिकवलं नव्हतं. तुझ्या बापाले मात्र पक्कं माहीत होतं, आत्याच्या वेळी तो माझ्या बाजूलेच बसला होता. मी म्हटलं, "पाहू. घरी जाऊन सांगते." मनात तर मी तुझी गादी खिडकीजवळच्या पलंगावर टाकलीही होती.

गाडीत बसलो. रायपूर शहरातला तेलीबांध्याचा तलाव यायच्या आत तुझा बाप बोलला, "आईले काही पसंत पडलं नाही. आणि आम्ही दोघं दिवसभर ड्युटीवर, ती घरी एकटी. कोणीतरी तिच्याजवळ पाहिजे. तू इकडचं जवळचंच कॉलेज पाहा."

"मी कधी नाही म्हटलं?" मी म्हटलं. "मले पसंत आहे."

"आई, तू चूप बस. तुझ्यासाठीच करून राहिलो."

पोट्टी हॉस्टेलात राहिली तर हाताबाहेर जाईल, ही भीती त्याची होती. ती स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून आईचं तोंड वापरलं. तू खिडकीबाहेर पाहत होती. माझं 'पसंत आहे' तुले मागाहूनची सारवासारव वाटली असेल. घरी आल्यावर जेवायले हाक मारली तर म्हणाली, "भूख नहीं है, दादी." तोवर घरात माझ्याशी तेवढी तू मराठी बोलायची. त्या दिवसापासून मी दादी झाली ती झालीच.

पुढचं तुलेही ठाऊक आहे. जिच्यासाठी तुले ठेवून घेतलं, तिलेच इथं ठेवून वर्षाच्या आत सगळे तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये गेले. "आई, तुले लिफ्टमध्ये घाबरते, तू इथंच बरी." लिफ्टमध्ये मी एकदाच चढली आणि मले काहीही झालं नव्हतं. पण मले काय होते आणि काय नाही, हेही आता तोच ठरवते. आपल्या मोहल्ल्यातल्या बाया विचारतात, नात येत नाही का. मी म्हणते, अभ्यास असतो.

आता तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणे तुले पुढचं शिकायले बाहेर जायचं आहे, मैत्रिणीसोबत जागाही पाहून आली. आणि तुझा बाप म्हणून राहिला, आई आता थकली, तिले सोडून कुठं जाते. जो सणावारी तोंड दाखवते, त्याले माझ्या थकण्याची केवढी काळजी. तिच्याशी मी फोनवर यावर काही बोलली नाही, तिले सांगितलं की ते आधी त्याच्या कानावर जाते. माझं बोलणं त्याच्या हातून गेलं की दुसऱ्यापर्यंत दुसरंच पोचते.

म्हणून तू ये. त्याले घेऊनच ये, म्हणावं आजीनं बोलावलं. तुझ्यासमोर त्याले सांगते, की या पोट्टीले जायचं तिथं जाऊ दे आणि अडवायचं असेल तर स्वतःचं नाव घेऊन अडव. त्यानंतरही माझा राग येत असेल तर येऊ दे, पण माझ्या तोंडून ऐकल्यावर. सकाळी निघाली तर जेवायच्या आत पोचशील. या आठवड्यातच ये, बाई.