नाळेवरची राख

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, सांगलीकडं दिली होती. उसाची बागायत असलेली माणसं ती. आमच्या दुष्काळी माणातली सून करून त्यांनी आमच्यावर उपकारच केले म्हणायचे. वर्षाच्या आत आक्काला रक्ताची उलटी झाली, चांगली तपेलंभर. सासूनं तिला अंथरुणासकट माहेरी आणून टाकलं.

"रोगट पोर गळ्यात मारलीसा, इहीणबाई. रोग आमच्या घरातला निघाला तर नांदवू, न्हाईतर पोराला दुसरी करू." एवढं बोलून वर चहा पिऊन गेली बया.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पोटात आवाज सोडून आतलं चित्र दाखवणारं मशीन मुंबईच्या एका दवाखान्यात आलंय, असं साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. मशीन आपल्या बाजूनं बोलणार, अशी आईची खात्री होती. निकाल ऐकायला सासूही आली.

तिथल्या डॉक्टरांनी आक्काच्या पोटाला तेल लावून काहीतरी फिरवलं. पडद्यावर नुसती करडी धूळ. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "यकृत चांगलं आहे. पण त्याला रक्त नेणारी मोठी शीर बुजलीय. रक्त आडवाटेनं अन्ननलिकेच्या शिरांत शिरतं आणि त्या फुटतात. दुखणं जुनं आहे." मग त्यांनी आईला विचारलं, "तान्ही असताना हिची नाळ पिकली होती का?"

आई खुलली. एवढा शिकलेला माणूस आपल्याला विचारतोय.

"व्हय की, लय चिघळली हुती. पर म्या शेणीची राख भरून बरी क्येली. आमच्यात समदीच भरत्यात."

डॉक्टरांनी सांगितलं, की राखेनं चिघळणं वाढलं, नाळेतला पू आत शिरेत गेला आणि ती तेव्हाच बुजली.

सासू पदर सावरून उठली. "आईनंच घातलाय की रोग. आमी सुटलो." हिनं तरी स्वतःच्या लेकाच्या नाळेला काय अत्तर लावलं असेल? राखच भरली असणार मेलीनं. तो वाचला एवढंच.

त्यांनी दुसरी सून आणली. आक्का आमच्याकडंच राहिली. आईनं तिचं सगळं केलं, आणि आक्का तिला कधी उलटून बोलली नाही.

पुढं माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. नाळ अजून पडायची होती. आईनं बाळाला मांडीवर घेतलं आणि ती मांडी हलवू लागली. आक्का भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, बाळ उचलून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तू हात नगं लावू, आये. माझं क्येलंस त्येवढं पुरं झालं."

आई रिकामी मांडी तशीच हलवत राहिली.