गरम इंजिन, वीस मिनिटं

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी बारा पस्तीसला माझ्या थोरल्या बहिणीचा पेट्रोलवर चालणारा छोटा मालट्रक हिंजवडीतल्या एका कंपनीच्या आवारात पुन्हा सुरू झाला नाही. आठवड्यातली ही तिसरी वेळ. मागे दुसऱ्या कंपनीचे जेवणाचे साठ डबे होते. एक वाजता पोचायचे ते रिक्षांतून पावणेदोनला पोचले. तिथल्या व्यवस्थापकाने सांगितलं, आणखी एकदा उशीर झाला तर डबे बंद.

बहीण स्वयंपाक करते आणि ट्रकही स्वतः चालवते. धायरीच्या गॅरेजवाल्यांनी आधी बॅटरी बदलली होती, मग पेट्रोलचा पंप. दोन्ही वेळा सकाळी किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच सुरू झालं.

"ताई, गाडी ठणठणीत हाय. हिंजवडीची हवा मानवत नसंल तिला."

"हवा मानवते हो. तुमची तपासणी मानवत नाही."

मी त्या मंगळवारी रजेवर होतो. सवयीने वेळा विचारल्या. तिने त्या डब्यांच्या यादीमागे आधीच लिहून ठेवल्या होत्या. बंद करून लगेच किल्ली फिरवली तर ट्रक सुरू होतो, दोन तासांनीही होतो. पंधरा ते तीस मिनिटांनी होत नाही. पहिल्या कंपनीत डबे उतरवायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ रखवालदार इंजिन चालू ठेवू देत नाही. बातमीदारीत इतकी नेमकी टिपणं मला क्वचितच मिळाली.

दुपारी ट्रक सुरू झाल्यावर तिने तो थेट गॅरेजात आणला.

"आता वीस मिनिटं हात लावायचा नाही."

"मग करू काय?"

"चहा मागवा."

वीस मिनिटांनी स्टार्टर फिरत राहिला, इंजिन पेटलं नाही. पेट्रोलचा वास सुटला. जास्त हवा आत जावी म्हणून बहिणीने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पुन्हा किल्ली फिरवली. काळा धूर सोडत इंजिन सुरू झालं.

"पेट्रोल कमी पडत नाहीये. जास्त होतंय," ती म्हणाली.

इंजिन निवल्यावर गॅरेजवाल्यांनी पेट्रोल फवारणारे दोन्ही इंजेक्टर नळीसकट बाहेर काढले, खाली कागद पसरला आणि नुसता पंप चालू केला. एकाखालचा कागद कोरडा राहिला. दुसऱ्याखाली दहा मिनिटांत तळहाताएवढा डाग पडला.

"हा बंदच होत नाय. गाडी उभी राहिली की आत पेट्रोल झिरपतंय. रात्रभरात उडून जातंय, म्हणून सकाळी समदं बरोबर." त्यांनी डाग पडलेला कागद उचलला. "हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"गाडीनंच. तुम्ही तिला दुपारी कधी भेटलाच नाहीत."

बुधवारी सकाळी नवा इंजेक्टर बसला. दुपारी मी तिच्या शेजारी बसून गेलो. पहिल्या कंपनीत इंजिन बावीस मिनिटं बंद होतं. पहिल्याच किल्लीला ते सुरू झालं. बारा सत्तावन्नला दुसऱ्या कंपनीच्या रखवालदाराने फाटक उघडलं आणि साठ डबे आत गेले.