खोली नसल्याच्या दिवशी

हॉटेल भरलेलं आहे अशी पक्की खात्री करून मगच तिथे खोली मागायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे काकाजी. गोंदियातल्या आमच्या कंपनीचे सगळ्यात जुने मेकॅनिक. तांदळातला काळा-पिवळा दाणा ओळखून वेगळा काढणारी यंत्रं आम्ही राइस मिलवाल्यांना विकतो. विकलेलं यंत्र तिथे जाऊन बसवून, चालवून द्यावं लागतं. त्यामुळे महिन्यातले पंधरा-वीस दिवस मुक्काम कधी छत्तीसगडात, कधी तेलंगणात, कधी पार हरियाणात. मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना काकाजीच म्हणत. त्यांचं खरं नाव मला नोकरी लागल्यावर चार महिन्यांनी कळलं, तेही ट्रेनच्या तिकिटावर.

अंगाने किरकोळ, शर्टाची बाही कायम कोपरापर्यंत दुमडलेली, आणि वरच्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेलं हॉटेलचं मेंबरशिप कार्ड. एका मोठ्या हॉटेल-साखळीचं. गाव कुठलंही असो, काकाजी त्याच नावाच्या हॉटेलात उतरत. पॉइंट जमत, दर्जा वाढत जाई, आणि वरच्या दर्जाच्या माणसाला खोली मिळणारच अशी हमी असे. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते हे समजावून सांगत. मलाही सांगितलं होतं. "एकाच घरी जात राह्यलं का बाई, दोन वर्षांनं ते घरचे लोक आपल्याले पाहुना समजत नाही. हाटेलाचं तसंच आहे. दहा ठिकानी गेलं तं दहाही ठिकानी आपन नवे."

जेवायला बसले की मात्र त्यांच्या सोबत्यांची पंचाईत होई. काकाजी भाताचं एक शीत बोटांत दाबून बघत, चावत, आणि वाढणाऱ्याला तांदळाची जात, तो किती जुना आहे आणि मिलमध्ये किती घासलाय ते सांगत. एकदा एका हॉटेलच्या मेनूत बासमती लिहिलेलं होतं. काकाजींनी स्वयंपाक्याला बाहेर बोलावलं. मी मान खाली घालून बसले होते, आता भांडण होणार म्हणून. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "भात मस्त शिजवला भाऊ. पन याले बासमती नोको म्हनू, त्याच्या मायबापाले वाईट वाटते." स्वयंपाकी हसत सुटला. मला मात्र पुढचे दोन दिवस त्या हॉटेलात शिरायची लाज वाटत होती.

साइटवर जाणारी आमच्या कंपनीतली मी पहिलीच मुलगी. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडची. घरी धानाची शेती, आणि बाबांचा स्वभाव असा की एकदा नाही म्हटलं की म्हटलं. मला जाऊ दिलं ते काकाजी बरोबर असतात म्हणून. सातव्या महिन्यात काकाजींना ताप आला आणि मी पहिल्यांदा एकटी निघाले. त्यांनी आपल्याच साखळीच्या हॉटेलात माझं बुकिंग करून दिलं. "कार्ड आहे, टेन्शन नोको घेऊ," म्हणाले. तिथे पोचले तर लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं. माझी खोली परस्पर त्यांना दिलेली. काउंटरवरच्या माणसाने बुकिंग पाहिलं, "सॉरी मॅडम" म्हटलं आणि तो पुढच्या माणसाशी बोलायला लागला. मी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसून सकाळ केली. मला काही झालं नाही. पण आईशी फोनवर बोलताना रडू फुटलं आणि बाबांनी ते ऐकलं. त्यांचा निरोप एका वाक्याचा होता: सामान घेऊन घरी ये.

काकाजी ताप उतरल्या उतरल्या गाडीने सौंदडला आले. दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी चालू होती. बाबा शेताच्या धुऱ्यावर उभे होते. त्यांनी पाणीही विचारलं नाही.

"मशीन बसवाले जाता तं आधी जागा पाहून येता न तुमी?" बाबा म्हणाले. "मंग पोरीले पाठवतानी काऊन नाही पाह्यली?"

मला वाटलं, काकाजी आता कंपनीची बाजू मांडतील. ते चपला काढून बांधावर बसले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "एक कार्ड होता, त्याच्या भरोशावर राह्यलो. दुसरा पाहून ठेवाले पाह्यजे होता. मले संक्रांतीपरेंत टाइम द्या. तवापरेंत बाईले एकटी कुठंच पाठवत नाही."

बाबा धानाकडे वळले. "संक्रांतीले पाहू," एवढंच बोलले. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. माझी नोकरी त्या दोन शब्दांत लटकत राहिली.

दुसरं कार्ड कुठलं घ्यायचं यावर आमच्या ऑफिसात मतं भरपूर. सेल्सवाल्यांनी तर तक्ता बनवून आणला. कुणाचे पॉइंट लवकर साठतात, कुणाची फुकट रात्र किती पॉइंटांत मिळते, कुणाकडे नाश्ता, कुणाकडे विमानतळावर बसायची सोय. काकाजींनी तक्ता नीट वाचला, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिला. "हे सारं खोली असली तं," ते म्हणाले. "खोली असन तवा कोनीबी गोड बोलते. दुसरा कार्ड आपल्याले लागन कवा? पहिल्यानं नाही म्हटल्यावर. मंग ज्याले नाही नीट म्हनता येते, तोच आपला दुसरा."

त्या दिवसापासून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लग्नतिथींवर लाल पेनाने खुणा करायला सुरुवात केली. धनुर्मास लागला की लग्नं बंद, हॉटेलं रिकामी. म्हणजे हातात जेमतेम महिना. आम्ही दोघं कामाला जिथे जाऊ तिथे मला ते पहिल्या कार्डाच्या हॉटेलात सोडत. खोलीची कडी, फोन, खिडकी स्वतः तपासत. मग दाट लग्नतिथीच्या संध्याकाळी आपली बॅग उचलून दुसऱ्या एखाद्या साखळीच्या हॉटेलात जात आणि खोली मागत. मिळाली नाही म्हणजे काम फत्ते. पहिल्या हॉटेलात स्वतःसाठी खोली घेतलेली नसे, म्हणून मग पाठ टेकायला मिलच्या गेस्टरूमवर नाहीतर गाडीच्या ड्रायव्हरकडे. या वयात हे काय चालवलंय, असं मी चिडून विचारायची. ते म्हणायचे, "नमुना पाहून राह्यलो, बाई."

एका ठिकाणी संगमरवरी लॉबी, कारंजं, सगळं होतं. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरवरून नजर न उचलता "फुल है सर" म्हटलं. काकाजी मुद्दाम पाच मिनिटं तिथेच उभे राहिले. त्याने दुसऱ्यांदाही वर पाहिलं नाही. दुसऱ्या साखळीच्या हॉटेलाने मोठ्या प्रेमाने शेजारच्या लॉजमध्ये सोय करून दिली, आणि तिथल्या दाराला आतून कडीच नव्हती. काकाजींनी त्या दाराचा फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, "कॅन्सल."

मग छत्तीसगडातल्या एका मिलच्या गावात, संध्याकाळी सातच्या सुमारास, त्यांचा फोन आला. आवाजावरून वाटलं लॉटरी लागली. काउंटरवर एक मुलगी होती. तिने आधी म्हटलं, "रूम तो नहीं है सर, आप पहले बैठिए." चहा दिला. तीन ठिकाणी फोन लावले. चौथ्या ठिकाणी जागा मिळाली तेव्हा वॉचमनला त्यांच्याबरोबर ऑटोत बसवलं, आणि तासाभराने स्वतः फोन करून विचारलं, "पहुँच गए ना सर?"

"भेटला बाई," काकाजी म्हणाले. "हा कार्ड घे."

"काकाजी, मुलगी चांगली आहे. म्हणून काय अख्खी साखळी चांगली?" मी म्हटलं. मला खरं तर त्यांना चूक ठरवायचं होतं, कारण सेल्सच्या तक्त्यात ते कार्ड शेवटून दुसरं होतं.

"हे बरोबर बोलली," ते म्हणाले, आणि धनुर्मास लागायच्या आत त्याच साखळीच्या आणखी दोन भरलेल्या हॉटेलांतून खोली न घेता परत आले. दोन्हीकडे खुर्ची मिळाली, फोन झाले, मागून चौकशी आली. तिथल्या लोकांना तसं शिकवलेलंच होतं. शेवटी एका सकाळी ते मुद्दाम तिथे नाश्ता करून आले आणि मला सांगितलं, "नाश्ता भंगार आहे. पोहे खाऊ नोको. पन कार्ड घे." माझ्या नावाचा अर्ज त्यांनी माझ्या शेजारी बसून भरून घेतला.

संक्रांत आली. मी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं, कार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. आठवड्याने मी बॅग भरली. कुणी अडवलं नाही. आईने तिळाचे लाडू दिले. बाबा घरात नव्हते.

जानेवारीअखेर काकाजी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात काकी माझ्या शेजारी बसल्या होत्या. सहज बोलता बोलता त्यांनी सांगितलं, पहिल्या कार्डाच्या हॉटेलात सलग दहा वर्षं वरचा दर्जा टिकवला की तो जन्मभराचा होतो. काकाजींचं नुकतंच सरलेलं वर्ष दहावं होतं. नऊ वर्षं ते काकींना सांगत होते, रिटायर झालो की तुला समुद्राकाठच्या मोठ्या खोलीत नेईन. "सहा रात्री कमी पडल्या म्हनतेत," काकी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं. त्या सहा रात्री कुठे गेल्या ते मला माहीत होतं.

मी काकाजींना गाठलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. आधी सांगितलं का नाही म्हणून. ते हार सावरत म्हणाले, "जन्मभराचा दर्जा तुझ्या काकीनं देल्ला नाही मले, हाटेलवाला काय देईन! जा, जेवून घे."

मी त्यांचं ऐकून जेवायला गेले. माफी मागायची होती ती राहिलीच, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ती घेतलीही नसती. पुढे मी जिथे जाईन तिथून त्यांना फोन करायची. ते कधीच काम विचारत नसत. भात कसला होता ते विचारत.

मागच्या हिवाळ्यात काकाजी गेले. आठ दिवसांचं आजारपण. तेरवीला बाबा माझ्याबरोबर गोंदियाला आले, तासभर मांडवाच्या कोपऱ्यात बसले आणि कुणाशी न बोलता परत निघाले.

या उन्हाळ्याच्या तोंडावर आईबाबांना जगन्नाथपुरी दाखवायला नेलं. माझ्या कार्डावर काही फुकट रात्री साठल्या होत्या. दर्शन करून आलो, आई खोलीत आडवी झाली. बाबा खाली लॉबीत जाऊन बसले होते. मी शोधत गेले तर काउंटरकडे तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. बराच वेळ बसले असावेत.

"इथले पोरं तुले नावानं वळखतेत," ते म्हणाले.

"हो."

"तुझ्या काकाजीनं संक्रांतीपरेंत टाइम मांगला होता. मी पाहू म्हटलो होतो. मंग मी त्याले काही म्हटलंच नाही."

"मले जाऊ देल्लं न तुमी, बाबा. त्याच्यातच समजलं असन त्यायले."

"समजलं असन," बाबा म्हणाले. "पन मी जाऊन म्हनाले पाह्यजे होतं. सौंदडवरून गोंदिया काही दूर नाही."