पाळी चुकली

सिनेमानं पोरं बिघडतात, असं आमचे मास्तर म्हणत. सत्तरच्या दशकात शाळा बुडवून सांगलीच्या मॅटिनीला मी इतके चावट सिनेमे पाहिले, पण बिघडण्यापुरतंही काही कळलं नाही. ऐन वेळी पडद्यावर दोन फुलं एकमेकांवर डुलायची आणि पुढच्या प्रसंगात नायिकेला उलट्या व्हायच्या. फुलांची अ‍ॅलर्जी असेल, असा माझा अंदाज.

एका सिनेमात नायिका कपाळावर हात मारून रडली, “माझी पाळी चुकली!” नायक खाटेवरून धाडकन पडला. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. मीही हसलो, कारण न हसणारा अडाणी ठरायचा. खरं तर मला तिची दया आली. आमच्या उसाच्या गावात पाळी एकच, पाण्याची. विहीर सामायिक, भावकीच्या वेळा ठरलेल्या. आपली पाळी चुकली की आठ दिवस ऊस तहानलेला. बायकांच्या त्या चार दिवसांना घरात ‘कावळा शिवला’ म्हणत, आणि त्यापायी मी बरीच वर्षं कावळ्यांना दगड मारले.

पुढच्याच आठवड्यात आमची पाळी आली. दादा फौजेत, दोन महिन्यांपूर्वी सुट्टी संपवून गेलेला. त्यामुळे पाणी पाजायची पाळी वहिनीवर, मी मदतीला. तिला मळमळायला लागलं म्हणून ती बांधावर टेकली. मी लिंबाच्या सावलीत लोळत होतो. ऊस तसाच कोरडा राहिला. तेवढ्यात आमची वेळ संपली म्हणून चुलत्यानं पाणी आपल्या उसात वळवलं. ते दिसताच मी उठलो, कपाळावर हात मारला आणि थेट नायिकेच्या सुरात ओरडलो,

“आवं वैनी, तुमची पाळी चुकली!”

शेजारच्या रानात बायका भांगलत होत्या. त्यांची खुरपी थांबली. वहिनी पांढरीफटक पडली आणि म्हणाली, “भावजी, तुमास्नी कुणी सांगितलं?”

मग बायका जे हसल्या, ते थिएटरला लाजवणारं होतं. दिवस मावळायच्या आत आईला कळलं. आईला लिहिता येत नव्हतं. तिनं आनंदानं मलाच पोस्टकार्ड लिहायला बसवलं आणि दादाला बाप होण्याची बातमी माझ्या गचाळ अक्षरात गेली.

वहिनी सातवी शिकलेली. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतून एक कोरं आंतरदेशीय पत्र काढून मला दाखवलं. खात्री झाली की स्वतः लिहायचं, म्हणून महिनाभर जपून ठेवलेलं.

“ह्या घरात माझी म्हणून एकच बातमी हुती, भावजी. तीबी तुमी सांगितली.”

मी रडायलाच लागलो. काय चुकलं तेच मला कळत नव्हतं. ते तिच्या ध्यानात आलं. मग पाटात पाय सोडून, माझ्याकडं न बघता, पाळी म्हणजे काय आणि मूल कसं होतं, हे तिनं मला पाच मिनिटांत सांगितलं. फुलांचं नावही काढलं नाही.

दिवाळीत सांगलीला तसलाच सिनेमा लागला. पुन्हा एका नायिकेची पाळी चुकली, सगळे खिदळले. दोस्तानं मला कोपर मारून विचारलं, “कळलं न्हाई व्हय रं?”

पहिल्यांदाच कळलं होतं, म्हणून हसलो नाही.